पाटल्यांचं वजन

अमरावतीच्या इतवारा बाजारात भाजीवाल्या पार्बताबाईच्या टोपलीतून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी उचलताना वच्छलाबाईंच्या डाव्या हातातल्या दोन पाटल्या एकमेकींवर आपटल्या, आणि तो आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. तीस वर्षांत त्या पाटल्यांचा आवाज इतका अंगवळणी पडला होता की तो ऐकू येणंच बंद झालं होतं. पातळ, किणकिणता, काचेला चमचा लागावा तसा. हा आवाज बसका होता. त्यांनी जुडी खाली ठेवली, पुन्हा उचलली, मनगट मुद्दाम हलवलं. पुन्हा तसाच. “काय झालं बाई? सांबार सकाळचाच आहे, शिळा नाही,” पार्बताबाई म्हणाली. वच्छलाबाईंनी पैसे देऊन जुडी पिशवीत टाकली. ऑटोत बसल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि तो मांडीला जड लागला. शारजाहून येऊन अकरा दिवस झाले होते. अकरा दिवस डावा हात दुखत होता, आणि नातवाला कडेवर घेऊन घेऊन भरून आला असेल असं त्या धरून चालल्या होत्या. दोन महिने मुलीकडे राहून आलेल्या बाईचा हात दुखणारच. पण नातवाला तर त्या उजव्या कडेवर घेत. घरी आल्याबरोबर सांबार तसाच पिशवीत ठेवून त्यांनी साबण लावून पाटल्या उतरवल्या आणि त्यांची मुलगी प्रतीक्षा लग्नाआधी केकच्या क्लाससाठी घेऊन आली होती तो छोटा काटा कपाटावरून काढला. काट्यातला सेल अजून जिवंत होता. अठ्ठ्याहत्तर पूर्णांक सहा. त्यांनी पाटल्या उचलल्या, काटा शून्यावर येऊ दिला, पुन्हा ठेवल्या. अठ्ठ्याहत्तर पूर्णांक सहा.

असायला हवे होते शेहेचाळीस पूर्णांक तीन ग्रॅम. हा आकडा त्यांना आठवावा लागला नाही, कारण तो सरकारी कागदावर शिक्क्यासकट होता. शारजाला निघायच्या आदल्या आठवड्यात जावयाचा फोन आला होता. “आई, पाटल्या घालून येऊन राहिल्या असाल तर विमानतळावर कस्टमचा कागद करून घ्या. नाही तर परत जाताना तुमचंच सोनं तुमी बाहेरून आणलं म्हणतील अन् त्याच्यावर कर लावतील.” कुंदनचं ते बोलणं वच्छलाबाईंना तेव्हा फार आवडलं होतं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात बियाणं तपासण्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला नियमानं चालणारा माणूस आवडणारच. ज्वारीचे हजार दाणे मोजायचे, वजन करायचं, भिंगाखाली पसरून चिमट्यानं एक एक परका दाणा बाजूला काढायचा. उजवा हात त्या कामात, म्हणून दोन्ही पाटल्या डाव्या हातात. नोकरीत कायम झाल्यावर त्यांनी त्या स्वतः घडवून घेतल्या होत्या, आणि जानराव, त्यांचे यजमान, गेल्यावरही काढल्या नव्हत्या. विमानतळावरच्या माणसानं पाटल्या लहानशा काट्यावर ठेवल्या, फोटो काढला, वजन लिहिलं, शिक्का मारला. मग परतीच्या दिवशी विमानतळाच्या मोठ्या दालनात दोन वाटा होत्या. ज्यांच्याजवळ कस्टमला सांगण्यासारखं काही नाही त्यांनी हिरव्या वाटेनं सरळ जायचं, ज्यांच्याजवळ आहे त्यांनी लाल वाटेला वळायचं. सगळं विमान हिरव्या वाटेनं चाललं होतं. वच्छलाबाई मात्र आपण होऊन लाल टेबलापाशी गेल्या आणि कागद पुढं केला. तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं कागदावरचा फोटो पाहिला, पाटल्या पाहिल्या, मग त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. “त्याच आहेत ना मावशी?” “त्याच,” त्या म्हणाल्या. “या मग.” एवढंच. तो ‘त्याच’ आता स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या वच्छलाबाईंना पुन्हा ऐकू आला. आपण एका सरकारी माणसाच्या तोंडावर खोटं बोललो होतो आणि आपल्याला ते अकरा दिवस ठाऊकही नव्हतं.

ठाऊक कोणाला होतं? त्या ओट्याशी टेकून उभ्या राहिल्या आणि दोन महिने समोर पसरून एकेक दिवस वेचू लागल्या. कागद करून घ्या असं कोण म्हणालं? कुंदन. शारजात पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी कागद पाहायला कोणी मागितला? कुंदन. त्यानं त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला, “हरवला तर असावा,” म्हणाला. परतायच्या आधीच्या आठवड्यात प्रतीक्षानं “आई, काळ्या पडल्या पाटल्या, पॉलिश करून आणते,” म्हणून त्या नेल्या खऱ्या, पण दुकानातून लाल मखमली पिशवी कोण घेऊन आलं? कुंदनच, कामावरून येताना. निघायच्या दिवशी कागद कुठं ठेवला हे त्यानं तीनदा विचारलं होतं. आणि अकोल्याला धाकट्या भावाकडे पोचवायला त्यानं दिलेला तो खजुराचा डबा. “गोपालकडे द्या, बाबांसाठी आहे. मोठ्या सामानात टाकू नका, हातातल्या बॅगेतच ठेवा.” हातातल्या बॅगेतच का? तेव्हा हे सगळं काळजीसारखं दिसलं होतं. वच्छलाबाईंना आता राग येत होता तो कुंदनचा नाही, तर आपल्या डोळ्यांचा. हजार दाण्यांतला एक परका दाणा ज्या डोळ्यांना सापडे, त्यांना मनगटावरचं सोनं बदललेलं दिसलं नाही. पाटल्यांवर नक्षी तीच होती, वेलबुट्टी तीच, फक्त आतून जाड. कडेला एक पोचा होता तो नव्हता, पण पॉलिशमध्ये गेला असेल असं वाटून त्या गप्प बसल्या होत्या. आपण विश्वास ठेवला की आपल्याला दिसत नाही, असं काहीसं त्यांच्या मनात आलं आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

दुपारी गोपालचा, कुंदनच्या धाकट्या भावाचा, अकोल्याहून फोन आला. “मावशी, केव्हा येऊन राहिल्या अकोल्याले? दादानं तुमच्याजवळ काही देल्लं म्हणे.” काही. वच्छलाबाईंनी तो शब्द फोन ठेवल्यावर दोन-तीनदा स्वतःशी उच्चारला. मग त्यांनी दाराची कडी लावली, खजुराचा डबा उघडला, ताटात खजूर पसरले आणि चाकूनं एकेक खजूर उभा चिरत बसल्या. बी काढायची, गर बोटानं दाबून पाहायचा, बाजूला ठेवायचा. प्रयोगशाळेत असताना हातांना जी शांतता यायची तीच आली होती. डब्याच्या पिशवीत तळाला रक्तदाब मोजायचं यंत्र होतं, त्याचे सेल काढून पाहिले, पट्टा पिळून पाहिला. चौऱ्याऐंशी खजूर आणि चौऱ्याऐंशी बिया; खजूर त्यांनी पुन्हा डब्यात रचले. काही निघालं नाही म्हणून त्यांना हायसं वाटायला हवं होतं. पण त्यांना वाटलं, म्हणजे जे आहे ते सगळं माझ्याच हातात आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं त्या अकोल्याला निघाल्या. पाटल्या घरी ठेवायचा धीर होईना, म्हणून घातल्या आणि त्यावरून स्वेटरची बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. मूर्तिजापूरला शेजारी एक बाई येऊन बसली, तिनं सहज विचारलं, “कुठं जाता?” आणि वच्छलाबाईंनी हात ओटीत घेतला. एकतीस वर्षं रोज याच रस्त्यानं जाणं-येणं झालेलं. बोरगावच्या अलीकडं कपाशीच्या उभ्या पऱ्हाट्या, जिनिंगच्या गाड्या, तोच रस्ता. आज वाटत होतं आपण काहीतरी पोचवायला निघालोत, आणि कोणाला ते आपल्याला सांगितलेलं नाही.

कुंदनचे वडील उत्तमराव ओसरीतच बसले होते. “या इहीनबाई, या. लेकीकडून आल्या अन् गोऱ्या होऊन आल्या,” ते म्हणाले. गोपालनं पाणी आणलं. वच्छलाबाईंनी डब्याची पिशवी पुढं केली आणि त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलू दिली नाही. त्यानं आधी यंत्र काढलं, वडिलांच्या दंडाला पट्टा बांधायच्या खटपटीला लागला, उलटा बांधला, हसला. डब्याकडं त्याचं लक्षही नव्हतं. “कुंदनरावांनी माझ्या पाटल्यांबद्दल काही सांगितलं काय?” वच्छलाबाईंनी विचारलं. प्रश्न बसमध्ये चार प्रकारे घडवला होता, शेवटी तो असा उघडाच निघाला. “पाटल्या? कोणत्या पाटल्या?” गोपाल म्हणाला. तो खरंच चक्रावला होता, की चक्रावल्यासारखं करत होता? वच्छलाबाई पाहत राहिल्या. त्याच्या कपाळावर काही नव्हतं, डोळ्यांत काही नव्हतं. तेवढ्यात उत्तमरावांनी डब्यात हात घातला आणि खजूर उचलून उजेडात धरला. मग दुसरा. मग तिसरा. “गोपाल, हे पाय बरं. सगळेच चिरून आहेत. काहून चिरले असतील?” वच्छलाबाईंच्या कानशिलात ऊन उतरलं. “कस्टमवाल्यांनी चिरले असतील बाबा,” गोपाल म्हणाला, “सोनं शोधतेत ते. लोकं काय-काय करतेत आजकाल. मावशीले काय त्रास झाला असंन!” उत्तमराव चुकचुकले. “तुमच्यासारख्या बाईवर शक घेतला त्यायनं? बियाबी काढल्या. चला, दात नाईत मले, बरंच झालं.” आणि त्यांनी खजूर तोंडात टाकला. वच्छलाबाईंना सांगता आलं असतं. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की मी चिरले. त्यांनी ते म्हटलं नाही, आणि गोपालनं आणलेला चहा बशीत ओतून खाली मान घालून प्यायल्या. तेव्हाच पर्समध्ये मोबाईल थरथरला. प्रतीक्षाचा निरोप होता: ‘आई, गोपाल म्हणाला तू अकोल्याला जातेयस. शाइस्ताला भेट. पाटल्या तिला दाखव. कुंदनला बोलू नको.’

शाइस्ता प्रतीक्षाची कॉलेजातली मैत्रीण, आता वकील. ताजनापेठेत तिच्या घराच्या पुढच्या खोलीतच तिचं ऑफिस होतं. ऑटोत वच्छलाबाईंनी तो निरोप इतक्यांदा वाचला की अक्षरं सुटी सुटी दिसू लागली. कालपासून ज्या बोटानं त्या कुंदनकडं दाखवत होत्या ते बोट तसंच ताठ होतं, फक्त समोरचा माणूस बदलला होता. मखमली पिशवी कुंदननं आणली, पण दुकानात दिली होती प्रतीक्षानं. हे तर समोरच होतं. मुलगी म्हणून त्यांनी तो दाणा वेचलाच नव्हता. शाइस्तानं दार लावून घेतलं, पंखा लावला, बंद केला. “काकू, गुस्सा मत करना. आधी ऐकून घ्या. प्रतीक्षा मार्चमध्ये बाळाला घेऊन येतेय. परत जाणार नाही.” वच्छलाबाई म्हणाल्या, “मारतो?” “नाही. हात नाही लावत. विचारतो फक्त. कुठं गेली, किती वाजता आली, कोणाशी बोलली, पावती कुठंय. दवाखान्यात रिसेप्शनवर आहे ना ती, तो पगार थेट त्याच्याकडे. ही दुपारी शेजारच्या बायकांना डबे करून द्यायची, ते त्याला माहीत नाही. त्या पैशाचं चार वर्षं थोडं थोडं सोनं घेतलं तिनं. ते आणि तुमच्या पाटल्या वितळवून या केल्या. दुसरा रस्ता नव्हता काकू. तुमच्याजवळ कागद होता.” कुंदनला यातलं काही ठाऊक नव्हतं, तो फक्त सांगितल्या दुकानातून पिशवी घेऊन आला होता. कागद कुठं ठेवला हे तो तीनदा विचारत होता, कारण तो प्रत्येकच गोष्ट तीनदा विचारतो.

“लाव तिला फोन,” वच्छलाबाई म्हणाल्या. प्रतीक्षा दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून बोलत होती, मागं लिफ्टची घंटी वाजत होती. “मले सांगता नाही आलं तुले?” वच्छलाबाईंचा आवाज चढला. “मी त्या माणसाच्या तोंडावर सांगितलं का त्याच आहेत म्हणून. पकडलं असतं तर?” “तुले नसतं पकडलं आई.” “काहून?” “तुझं तोंड पाहून. तुले माहीत असतं तर तू तिथंच सगळं सांगून टाकलं असतं. माहीत नव्हतं म्हणूनच तू निघून आली.” शाइस्ता खिडकीकडं तोंड करून उभी होती. “अन् सांगितलं असतं न आधी,” प्रतीक्षा पुढं बोलत राहिली, हळू, जिन्यात कोणी ऐकेल म्हणून, “तर तू विचारलं असतं, डबे कोणाले दिले, किती दिले, त्याचं काय चुकलं, तुझं काय चुकलं. लग्नाआधी तू विचारत होती. लग्नानंतर तो विचारते. मी अमरावतीहून शारजाले आली, पण तेवढं काही बदललं नाही.” वच्छलाबाईंना प्रतीक्षाच्या कॉलेजातल्या पर्सचा आतला खिसा आठवला. दर शनिवारी ती न्हायला गेली की त्या तो उघडून पाहत. चिठ्ठ्या, बसची तिकिटं, एकदा सिनेमाचं तिकीट. त्या सगळं पुन्हा होतं तसं ठेवत आणि वाटे, हिला कळत नाही. “तुले कळत होतं?” त्यांनी फोनवर विचारलं. काय, ते सांगितलं नाही. प्रतीक्षा म्हणाली, “हो.”

शाइस्ताचं म्हणणं असं की पाटल्या तिच्याकडे ठेवाव्यात, मार्चपर्यंत कोणाला काही बोलू नये. वच्छलाबाईंनी त्या उतरवल्या नाहीत. “याच्यावर कर भरला नाही,” त्या म्हणाल्या. “मी भरणार.” शाइस्तानं सगळं समजावून सांगितलं. वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्या बाईला ठरावीक वजनाचे दागिने माफ असतात, प्रतीक्षा मार्चमध्ये स्वतः अंगावर घालून आली असती तर प्रश्नही आला नसता. पण कुंदनच्या डोळ्यांदेखत ते सोनं अंगावर घालून निघणं तिला शक्य नव्हतं. दोन महिने जाऊन आलेल्या वच्छलाबाईंना ती माफी नव्हती. आता आपण होऊन गेलं तरी पाटल्या ताब्यात घेतील, चौकशी होईल, कर आणि वर दंड. “जप्त झाल्या तर तिच्याजवळ काय राहतं, काकू?” वच्छलाबाई म्हणाल्या, “मी राहते.” बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे मुलीला पुरेसं वाटेल याची त्यांना खात्री नाही. पण मार्चपर्यंत थांबायचं त्यांनी कबूल केलं. ते दोन महिने पाटल्या कपाटात होत्या आणि वच्छलाबाईंचं मनगट उघडं. पार्बताबाईनं एकदा विचारलं, “पाटल्या कुठं गेल्या बाई?” त्या म्हणाल्या, “हात दुखते.” दार वाजलं की त्या आधी कपाटाकडं बघत, मग दाराकडं जात. कुंदनचा दर रविवारी फोन येई. “आई, बऱ्या आहेत न? औषध घेतलं? कोणतं घेतलं? किती वाजता?” हेच प्रश्न पूर्वी त्यांना मायेचे वाटत. आता त्या प्रत्येक प्रश्नाच्या मागं आपलाच आवाज ऐकू येई.

प्रतीक्षा आली. वच्छलाबाईंच्या भाच्याच्या लग्नाला म्हणून आली आणि आठव्या दिवशी तिनं कुंदनला फोनवर सांगून टाकलं. तो रडला, मग ओरडला, मग तू कुठं आहेस, कोण आहे तिथं, असं विचारत राहिला. आली तेव्हा तिच्या हातात एक लहान बॅग आणि दीड वर्षाचं पोर होतं. वच्छलाबाईंनी त्या बॅगेला हात लावला नाही. दोन दिवस ती बैठकीत कोपऱ्यात उघडीच पडून होती आणि त्या तिच्या बाजूनं वळसा घालून जात. नंतरच्या सोमवारी पोराला शेजारी ठेवून मायलेकी बसनं सीमाशुल्काच्या, म्हणजे कस्टमच्या, कार्यालयात गेल्या. आधीच ठरलं होतं की वच्छलाबाईंनी खरं ते सांगायचं: मला ठाऊक नव्हतं, घरी आल्यावर वजन केलं तेव्हा कळलं. शाइस्तानं अर्जही तसाच लिहून दिला होता. समोरची अधिकारी चाळिशीची होती, चष्मा डोक्यावर सरकवलेला. तिनं पाटल्यांचं वजन केलं, जुना कागद पाहिला, अर्ज पाहिला. मग अर्ज बाजूला ठेवून म्हणाली, “आजी, तुम्ही स्वतः आलात ते चांगलं केलं. आता मला एक सांगा. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, तर मग बदलल्या कोणी?”

वच्छलाबाईंना हा प्रश्न यायचाच हे दोन महिने माहीत होतं आणि तरी तो आला तेव्हा खोली एकदम लहान झाली. शेजारी प्रतीक्षाची ओढणी त्यांच्या दंडाला लागत होती. खरं काय ते एका नावाचं होतं आणि ते नाव दोन बोटांच्या अंतरावर बसलं होतं. “कोणी नाही,” वच्छलाबाई म्हणाल्या. “मीच केल्या. ठाऊक होतं मला. अर्ज भीतीपायी तसा लिहिला.” अधिकारी बाईनं चष्मा डोळ्यांवर घेतला. “तिथं विमानतळावर तुम्ही त्याच आहेत म्हणून सांगितलं?” “हो. म्हटलं, वय पाहून कोणी विचारणार नाही. मोठ्या पाटल्यांची फार हौस होती मला. यजमान असताना झाल्या नाहीत.” हे शेवटचं वाक्य कुठून आलं ते त्यांना कळलं नाही. जानरावांजवळ त्यांनी पाटल्यांचा शब्दही कधी काढला नव्हता. “मग आज का आलात?” “झोप येत नाही.” अधिकारी त्यांच्याकडं पाहत राहिली, तसं पाहणं वच्छलाबाईंना चांगलं ठाऊक होतं, आणि त्यांनी डोळे हलवले नाहीत. मग तिनं नवा कोरा कागद पुढं ओढला. “असं जबाबात लिहू? ठाऊक असताना आणलं म्हटलं तर दंड वाढतो, आजी.” “लिहा,” वच्छलाबाई म्हणाल्या आणि जबाबाखाली सही केली. पाटल्या त्यांच्या देखत पाकिटात गेल्या, पाकिटाला लाख लागली, पावती मिळाली.

पुढं जूनच्या शेवटी आदेश आला. वच्छलाबाईंनी आपल्या निवृत्तीच्या ठेवीतून कर आणि दंड भरला, पाटल्या सुटल्या, आणि त्या मोडून प्रतीक्षानं नांदगाव पेठेच्या वाटेवर दोन खोल्या घेऊन डब्यांचं काम सुरू केलं. पण त्या सोमवारी परतीच्या बसमध्ये यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. प्रतीक्षा खिडकीशी बसली होती. बराच वेळ ती बाहेर पाहत होती, मग वच्छलाबाईंच्या लक्षात आलं की ती काचेतून त्यांच्याकडं पाहतेय. सरळ नाही, चोरून. अनोळखी माणसाजवळ बॅग ठेवून जायची वेळ आली की त्याच्याकडं पाहावं तसं. “आई,” ती म्हणाली, “बाबांचं अन् हौसेचं ते आधी ठरवलं होतं काय?” “नाही.” “मग इतकं सहज कसं बोलली?” वच्छलाबाईंनी हातातल्या पावतीची आणखी एक घडी घातली. प्रतीक्षा आता पूर्ण वळून त्यांच्याकडं पाहत होती. “आई, मले खरं सांग,” ती म्हणाली, “याच्याआधी कधी बोलली होती तू असं खोटं? माझ्याशी?” कंडक्टर तिकीट तिकीट करत जवळ आला. वच्छलाबाईंनी पर्स उघडली, बंद केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळलं की विचारलं जाताना माणसाला कसं वाटतं.